मामींच्या जागेवरचं पोतं

माणसानं किती गंभीर असावं याला काही सुमार असतो, अशी माझी समजूत होती. आमच्या हिच्या मामांशी गाठ पडली आणि ती समजूत पार निकालात निघाली. मी सरकारी कचेरीत उभी हयात काढली आहे, तेव्हा लांब चेहऱ्याच्या माणसांचं मला काही अप्रूप नाही. पण साधा नट आवळताना मामांच्या चेहऱ्यावर जे भाव येत, ते मी एरवी फक्त कन्यादानाला बसलेल्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना हसताना दोनदा पाहिलं. दोनदा म्हणजे अगदी मोजून दोनदा. दोन्ही वेळा कारण त्यांची गाडीच होती, आणि दोन्ही वेळा हसवणाऱ्या मामी होत्या.

मामा मूळचे रायगडकडचे. एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. ऐंशीचं दशक सरता सरता तो कारखाना बंद पडला. मोडीत काढायच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा बाकीच्यांनी पंखे घेतले, टेबलं घेतली. मामांनी आवारातल्या गवतात वर्षानुवर्षं उभी असलेली कंपनीची जुनी पिकअप घेतली आणि चार जणांच्या मदतीनं ढकलत गेटबाहेर काढली. पुढे दोघं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, आणि रंग एके काळी हिरवा असावा. नवघरला त्यांचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. त्याच्या दारात ती गाडी आली आणि घराचं दार अर्धं झाकलं गेलं. मामींनी तुळस मागच्या दारी नेली. भाईंदरच्या लहानसहान कारखान्यांतून स्टीलची भांडी उचलायची, पॉलिशवाल्याकडे न्यायची आणि तिथून दुकानांत पोचवायची, हा मामांनी पुढचा धंदा केला. मामा घरी येतायत हे गल्लीला पातेल्यांच्या खणखणाटावरून दोन मिनिटं आधी कळायचं.

आम्ही तेव्हा नुकतेच गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो होतो. नवी बिल्डिंग, दिवसाआड पाणी, आणि आसपास ओळखीचं म्हणावं असं मामा-मामींचं एकच घर. त्यामुळे रविवारचं जेवण नवघरला. जावयाला पाटावर बसवतात, अशी आपली रीत आहे. मामांनी मला पहिल्याच रविवारी गोणपाटावर आडवं घातलं, तेही गाडीखाली. "जावईबापू, सतराचा पाना," हे त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तोवर मला सतराचा पाना आणि भाजीचा झारा यांतला फरकसुद्धा धड ठाऊक नव्हता. माझे पांढरे शर्ट त्या काळात एकामागून एक ग्रीसच्या भक्ष्यस्थानी पडले, आणि आमच्या हिनं मामाला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. नवऱ्याला मात्र लावला.

काम करायची मामांची पद्धत म्हणजे सोवळंच. काढलेला प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचा. मग प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं रेघ काढून बाजूला "डावा पुढचा", "उजवा पुढचा" असं लिहायचं. त्या कागदाला कुणी हात लावायचा नाही. मामींनी एकदा तो उचलून पापड वाळत घालायला घेतला, तर मामांनी दोन दिवस अबोला धरला. एरवीही ते फार बोलत होते अशातला भाग नाही, पण मामींना फरक कळायचा.

सगळ्यांत कडक नियम म्हणजे बोल्ट उघडा असताना बोलायचं नाही. आमची मुलगी झाली त्या दिवशी मी दवाखान्यातून पेढे घेऊन धावतपळत नवघरला गेलो. मामा गाडीखाली होते. मी ओरडलो, "मामा, मुलगी झाली!" गाडीखालून एक काळा हात बाहेर आला, तळवा माझ्याकडे केलेला. थांबा. मी पेढ्यांचा पुडा धरून भर उन्हात दहा मिनिटं उभा. शेवटी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला, मामा सरपटत बाहेर आले, हात पुसले, उभे राहिले आणि म्हणाले, "आता बोला." मी पुन्हा सांगितलं. मामांनी हात जोडले, वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दहा मिनिटं त्या माणसानं ते पाणी कुठं थोपवून धरलं होतं देव जाणे.

अशा माणसाच्या गाडीला खोड असावी हे दैव म्हणायचं. गाडी वळणावर डुलायची. पुढचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, थकलेले होते आणि वळण आलं की अख्खी गाडी एका अंगावर कलायची. गोडदेवला एक म्हातारा रोज ओट्यावर बसलेला असे. त्यानं एकदा विचारलं, "मास्तर, ही गारी हाय का होरी हाय?" होरी म्हणजे होडी. मामांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खाली उतरून त्याच्यापुढे उभे राहिले आणि शांतपणे सांगितलं, "गाडी आहे. पुढचे पाटे थकलेत." म्हातारा बिचारा ओशाळला. मामांना त्यात चेष्टा कसली ते कळलंच नव्हतं. विचारलं म्हणून त्यांनी उत्तर दिलं.

चेष्टेचं काम एका संक्रांतीला संपलं. मामींना गोडदेवला हळदीकुंकवाला सोडायला मामा निघाले होते. उजवीकडच्या वळणावर गाडी नेहमीसारखी डावीकडे कलली, डाव्या दाराचा खटका सुटला, आणि मामी जरीच्या साडीसकट अर्ध्या बाहेर. त्यांनी मामांची कॉलर धरली म्हणून वाचल्या. कोपर सोलवटलं, मामांच्या शर्टाची तीन बटणं रस्त्यावर पडली. मामी खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि मागच्या रिक्षावाल्यांच्या देखत म्हणाल्या, "आजपासून मी ह्या गाडीत पाय ठेवायची नाही. माझं मढं न्यायचं असेल तर न्या खुशाल!" मामी तोंडानं फटकळ होत्या, मनानं लोणी, पण बोललेलं फिरवायच्या नाहीत. त्या तिथून हळदीकुंकवाला पायी गेल्या. मामांनी रस्त्यावरची तिन्ही बटणं शोधून खिशात घातली. त्या दिवसापासून डाव्या सीटवर त्यांनी कुणालाच बसू दिलं नाही. मी जावई असून हौद्यात, पातेल्यांच्या पंगतीला.

हे इथवरच राहिलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण मामींची थोरली बहीण, माई, पेणच्या पलीकडे एका खेड्यात राहायची. मामींची आई लवकर गेलेली. माईनंच त्यांना वाढवलं, वेण्या घातल्या, लग्न लावून दिलं. वर्षातून एकदा माईकडे गेल्याशिवाय मामींना चैन पडत नसे. पण एसटीत बसलं की त्यांना मळमळायला लागे, पेण येईपर्यंत जीव अर्धा होई. वय झालं तसं ते झेपेना. मी ऑफिसातल्या एकाची मोटार मागून आणली, तर म्हणाल्या, "लोकाच्या गाडीत उलटी झाली तर मी तोंड कुठं लपवू? नको गं बाई." आणि नवऱ्याच्या गाडीत बसायचं नाही ही तर शपथच. अशात माईनं अंथरूण धरल्याचं पत्र आलं. शेवटी लिहिलं होतं, 'धाकटीला एकदा बघायची आहे.' मामींनी ते पत्र देवामागे ठेवलं. पूजेच्या वेळी काढून वाचायच्या आणि परत ठेवायच्या.  त्या आठवड्यात मामांनी गाडीची पुढची दोन्ही चाकं काढली.

पाटे कमानवाल्याकडे देऊन त्यांना पुन्हा बाक आणला. शॉकअप नवे घेतले, पाट्यांच्या जोडांत बसणारे रबरी बुश नवे घेतले. आणि मामांच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती ती म्हणजे बॅलन्स रॉड. हा एक दोन्ही टोकांना वाकवलेला जाड दांडा असतो. तो पुढच्या दोन चाकांमध्ये आडवा बसतो. ह्या गाडीला तो मुळात नव्हताच. कुर्ल्याच्या भंगारात आम्ही तीन रविवार हिंडलो, तेव्हा कुठं मापाचा मिळाला. गाडी खोललेली, म्हणून तो बसनं आणावा लागला. मामा लहान मूल घ्यावं तसा तो मांडीवर आडवा घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "काका, ह्याचं लगेज तिकीट लागेल." मामांनी ते काढलं आणि घडी करून दांड्यालाच बांधलं.

मी चहाच्या वेळी, म्हणजे सगळे बोल्ट बंद आहेत याची खात्री करून, विचारलं, "मामा, ह्या एका दांड्यानं असं काय होणार?"

मामांनी बशी खाली ठेवली. "एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला कळलं पाहिजे. आतापर्यंत कळत नव्हतं. प्रत्येक आपापलं डुलायचं."

आतून मामींचा आवाज आला, "चाकांना कळायला लागलं म्हणायचं! माणसांना कधी कळणार?"

महिना झाला नाही तोच गाडीच्या पुढच्या अंगातून कुंई कुंई आवाज यायला लागला. मामांनी खोलून पाहिलं. नवे कोरे रबरी बुश पिळवटून फाटले होते. मामा हातात तो फाटका रबराचा तुकडा घेऊन दारात बसून राहिले. मामींनी तळलेले बोंबील पुढ्यात थंड झाले. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "चुकलो. गाडी जॅकवर लटकत होती तेव्हाच आवळलं. वजन अंगावर नव्हतं." मग मला समजावून सांगितलं: गाडी अधांतरी असताना बुश आवळला, की गाडी खाली टेकल्यावर तो पिळला जातो आणि जन्मभर पिळलेलाच राहतो. गाडी जमिनीवर उभी करायची, न्यायचं तेवढं वजन आत ठेवायचं, मगच शेवटचा आवळा द्यायचा. कालचं पोरही ही चूक करणार नाही, असं ते स्वतःलाच ऐकवत होते. मी म्हटलं, "मामा, होतं एखाद्या वेळी." ते म्हणाले, "घाई झाली. पत्र वाचलं ना."

आता प्रश्न आला की वजन कुणाचं धरायचं. मी म्हटलं, पातेल्यांचं धरा. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू जावई म्हणून मला पसंत केलं त्या दिवसाचा त्यांना पश्चात्ताप होतोय. "पातेली जाणारेत का माईकडे?" म्हणजे वजन मामींचं. पण ते किती? मामांनी जेवताना सरळ विचारलं, "तुझं वजन किती?" मामींच्या हातातला डाव वाटेतच थांबला. "का हो? इतकी वर्षं जेवायला घालतेय, कधी तुमचं वजन विचारलं का मी?" त्या दिवशी मामांना भात बेतानंच मिळाला.

शेवटी साडी घेऊ या म्हणून मामींना भाईंदर स्टेशनाकडे नेलं आणि वाटेत प्लॅटफॉर्मवरच्या लाल दिव्यांच्या वजनकाट्यावर चढवलं. नाणं टाकलं, दिवे गरगरले, खटकन तिकीट पडलं. अठ्ठावन्न किलो. मागे हिंदीत भविष्य छापलेलं: 'आपका जीवनसाथी हँसमुख स्वभाव का है.' मामी तिथंच प्लॅटफॉर्मवर पोट धरून हसल्या. येणारेजाणारे बघायला लागले, तरी थांबेनात. मामांनी तिकीट घेऊन आकडा दोनदा वाचला आणि पाकिटात ठेवला. साडी मात्र खरंच घेतली.

दुसऱ्या दिवशी मामांनी बरोबर अठ्ठावन्न किलो तांदूळ पोत्यात भरून डाव्या सीटवर बसवला. पोतं घसरू नये म्हणून मामींचं एक जुनं हिरवं पातळ त्याच्याभोवती गुंडाळून सीटला बांधलं. चाकं जमिनीवर टेकलेली, पोतं आत, तेव्हा बुश आवळले. पण शेवटचा अर्धा आटा मात्र राखून ठेवला. तो पोत्यावर द्यायचा नाही, खुद्द मामी बसल्यावरच द्यायचा, असा त्यांचा निश्चय. पोत्यापुढे फडक्यात पक्का बसवलेला काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून ते रोज नवघर ते गोडदेव अशी फेरी मारायचे आणि घरी आल्यावर फडकं किती भिजलं ते पाहायचे. पहिल्या दिवशी निम्मा तांब्या सांडला. पंधरवड्यानं चार थेंबांवर आलं.

अशात समोरच्या गुजराती भाभी तणतणत मामींकडे आल्या. "मामीजी, कल गाडी में बैठके जाते थे, मैंने कितनी आवाज दी! आपने सामने भी नहीं देखा. इतना गुमान?"

मामी म्हणाल्या, "मैं? मैं तो गाडी में बैठतीच नहीं!"

"हरी साडी में थे ना?"

मामींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पातेल्यांचा खणखणाट आला तशा त्या कमरेला पदर खोचून रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि गाडी थांबताच त्यांनी डावं दार खसकन उघडलं. आत त्यांचंच पातळ नेसून तांदळाचं पोतं बसलेलं. पुढ्यात तांब्या. मामी पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरी आहे. माझ्यापेक्षा बरी. मुकाट बसते." मामांच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ठसका लागला, मी पाणी आणायला धावलो. मामी म्हणाल्या, "घाबरू नका, हसतायत ते."

तेव्हापासून दर रविवारी मामा एकदा विचारायचे, "बसतेस का? डुलत नाही आता." आणि मामी म्हणायच्या, "पोत्यालाच न्या माईकडे. तिला शपथ नाही घातलेली." हसत म्हणायच्या, पण गाडीकडे बघायच्या नाहीत. माई अंथरुणावरच, पण तग धरून आहे, अशी पत्रं येत होती. मला वाटायचं, आज ना उद्या वितळतील. घाई कुणाला होती?

पुढच्या वर्षी मामींचं पोट दुखायला लागलं. आधी घरचा ओवा, मग गल्लीतले डॉक्टर, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मामांनी आम्हाला एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मामी दिसामाशी वाळत चालल्या. बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. तोंड मात्र तसंच होतं.

एका रविवारी मी गेलो तर मामा डाव्या सीटवरच्या पोत्यातून मापानं तांदूळ काढत होते. मी विचारलं, "मामा, तांदूळ का काढताय?" तळवा वर झाला. पुढचे बोल्ट त्यांनी सैल करून ठेवले होते. तांदूळ काढून झाला, बोल्ट पुन्हा आवळून झाले, मग म्हणाले, "चोपन्न झालं." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उगाचच पान्यांची पिशवी आवरत बसलो. पोत्यावर कोळशानं लिहिलेला अठ्ठावन्नचा आकडा खोडून खाली चोपन्न लिहिलेलं होतं. पुढे एक्कावन्न आलं. मग सत्तेचाळीस. काढलेला तांदूळ मामा गुपचूप घरातल्या डब्यात ओतायचे.

ते उघडकीला आलं ते डब्यामुळेच. मामी आजारी असल्या तरी स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांखाली होतं. त्या आमच्या हिला म्हणाल्या, "दोन महिने दुकानातून तांदूळ आलेला नाही आणि डबा सरत कसा नाही? मी का द्रौपदी लागून गेले?" आणि भिंतीला धरत धरत त्या बाहेर आल्या. मामा गाडीखाली, मी पाने देत बसलेलो. त्यांनी दार उघडलं. पोतं खांद्यांत ढिलं पडलं होतं, पातळ त्याच्यावर लोंबत होतं. पोत्यावरचे आकडे त्यांनी एकेक करून मोठ्यानं वाचले. अठ्ठावन्न. चोपन्न. एक्कावन्न. सत्तेचाळीस.

"म्हणजे मला न सांगता माझी वजाबाकी मांडताय होय?"

बोल्ट उघडा होता. मी गाडीखालून हात बाहेर येण्याची वाट पाहत होतो. हात आला नाही. मामा बोलले. उघड्या बोल्टावर ते बोललेले मी त्या एका दिवशीच ऐकले.

"अगं, तुझ्याच वजनावर आवळायचंय ना. खोटं वजन धरून कसं चालेल?"

मामी दार धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "जावईबापू, काढा ते पोतं. अजून किती उतरायची वाट बघायची? आहे तेवढी बसते मी."

मी आणि ही, आम्ही दोघांनी पोतं उतरवलं. मामींनी पातळाची घडी केली, सीटवर अंथरली आणि वर चढून बसल्या. फोटो काढून घ्यायला बसावं तशा ताठ. खालून पान्याचा आवाज येत होता.

"हलू नकोस," मामा म्हणाले.

"श्वास घेऊ का?"

"घे."

राखून ठेवलेला अर्धा आटा सगळ्या बोल्टांना देऊन झाला. मामा बाहेर आले, हात पुसले आणि दारापाशी उभे राहून म्हणाले, "झालं." मामी उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "थोडी बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी रजा टाकली होती. मागे हौद्यात गादी टाकून मी आणि ही. पुढे मामा, आणि मामींच्या मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या, कारण एवढ्या लांबच्या फेरीचा निकाल मामांना हवाच होता. घोडबंदरच्या रस्त्याला सायकलवाले आमच्या पुढे जात होते. गायमुखच्या वळणांवर मामींनी डोळे मिटून घेतले, ते मी मागच्या काचेतून पाहिलं. मग एक उघडला. मग दुसरा. ठाणं गेलं, पनवेल गेलं, मामींना काही होईना. खारपाड्याच्या पुलापाशी त्यांनी हात वर केला तेव्हा मामांचा चेहरा पांढरा पडला. गाडी बाजूला घेतली.

"मळमळतंय?"

"तहान लागलीय," मामी म्हणाल्या, आणि तो तांब्या तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला.

"अगं! ते मोजायचं होतं! किती सांडलं आता कसं कळणार?"

मामींनी पदरानं तोंड पुसलं. "पोटात आहे. मोजा आता."

मामा हसले. पुलाच्या कठड्याला टेकून, खांदे हलेपर्यंत हसले आणि हसता हसता त्यांनी तोंड नदीकडे वळवलं. बराच वेळ ते तसेच उभे होते.

माई खाटेवर उठून बसली होती. "धाकटे, कशी आलीस गं एवढी?"

"ह्यांच्या गाडीतून."

"डुलते म्हणालीस ना ती?"

"नाही आता. मला बसवूनच आवळलीय," मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात एवढा तोरा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. चार दिवस दोघी बहिणी एकाच खाटेवर होत्या. पाचव्या दिवशी मामींना घेऊन आम्ही त्याच गाडीतून परत आलो.

तीन महिन्यांनी मामी गेल्या. गल्लीतले लोक जमले. कुणीतरी, चांगल्याच मनानं, मामांना विचारलं की तुमचीच गाडी काढायची का, दारातच आहे. मला गोडदेवच्या वळणावरचं मामींचं बोलणं आठवलं. मामा म्हणाले, "नाही. ह्या गाडीतून ती बसून गेली आणि बसून आली. आडवी न्यायची नाही." शेवटी दुसरी गाडी आणली.

त्यानंतर गाडीत एक गोष्ट माझ्यासुद्धा लक्षात यायला लागली. रिकामी उभी असली की ती डावीकडे किंचित झुकलेली दिसायची. फार नाही, अर्धं बोट. मामींचं वजन आत असताना बुश आवळले होते, ते तेवढं वजन धरूनच बसले होते. डाव्या सीटवर कुणीतरी बसलेलं आहे, असं गाडी जगाला सांगत उभी असायची. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं एकदा पाहून सांगितलं, "चाचा, गाडी लेफ्ट बैठती है. बुश ढीला करके वापस टाइट मारता हूँ. दस मिनिट का काम है." मामांनी नकारार्थी मान हलवली आणि गाडी तशीच घरी आणली.

मामांचे गुडघे गेले, धंदा थांबला, गाडी दारातच उभी राहायला लागली. तरी रविवारी ते ती पुसायचे. मी जायचो तेव्हा खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसलेले असायचे. एकदा मला राहवलं नाही. मामांनी तीस वर्षं एक रेघ वाकडी चालवून घेतली नव्हती, आणि ही तिरकी गाडी रोज डोळ्यांसमोर. मी म्हटलं, "मामा, एकदा सरळ करून घेऊ या का? मी सगळे पाने देतो."

मामांनी गाडीवरची नजर काढली नाही. हात तेवढा वर केला, तळवा माझ्याकडे. थांबा.

कुठलाही बोल्ट उघडा नव्हता. तरी मी थांबलो, पेढ्यांच्या वेळी थांबलो होतो तसाच. दहा मिनिटं झाली, मग त्याहून जास्त. "आता बोला" असं काही ते म्हणाले नाहीत. मग मीही दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी बसलो.